तुमची पिन कुठं अडकलीय?

एखादा मित्र तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागला, की आपण म्हणतो, "काय रे, तुझी पिन अडकली का?" पण ही पिन कसली? ती अडकते कुठं? आणि अडकली तर करायचं काय?

ही पिन आहे रेकॉर्डप्लेअरची. रेकॉर्डवर, म्हणजे गाण्याच्या तबकडीवर, एक लांबच लांब बारीक चर कोरलेली असते. ती कडेपासून गोल गोल फिरत मधल्या लेबलापर्यंत जाते. पिन या चरीतून चालते. वाटेत कचरा किंवा ओरखडा आला, की ती उडी मारून शेजारच्या चरीत जाते आणि गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवते.

मधल्या काळात माळ्यावर गेलेल्या तबकड्या आता पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. कुणाच्या घरी आजोबांचा रेकॉर्डप्लेअर निघतो, कुणी नवा विकत आणतं. सगळे उत्सुकतेनं गोळा होतात, रेकॉर्ड लागते आणि... खर्रर्र! गाणाऱ्या बाईंना सर्दी झालेली, तबला पत्र्याच्या डब्यासारखा, आणि एका स्पीकरमधून तर काहीच नाही! मग कुणी म्हणतं, "जुनं झालं, भंगारात द्या." कुणी म्हणतं, "मोठे स्पीकर आणू या." आणि कुणी म्हणतं, "वाजवत राहा, आपोआप सुटेल."

यातलं तिसरं तर अजिबात करू नका. मोबाइलवरचं गाणं हजार वेळा लावलं तरी झिजत नाही. रेकॉर्डचं तसं नाही. तिथं पिन खरोखर चरीला घासत असते. पिन झिजलेली किंवा चुकीची असेल, तर प्रत्येक वेळी ती गाण्याचा थोडासा भाग खरवडून टाकते. खरवडलेलं पुन्हा भरून येत नाही. आजीनं जपून ठेवलेल्या तबकडीची दुसरी प्रत बाजारात मिळेलच असंही नाही. म्हणून आवाज बिघडला, की पहिलं काम म्हणजे पिन उचलायची आणि बिघाड शोधायचा. बहुतेक वेळा तो छोटासाच निघतो.

आवाजाची साखळी

आवाज तुमच्या कानापर्यंत एका साखळीतून येतो. चर नागमोडी असते. तिच्यातून जाताना पिन थरथरते. पिनेच्या मागं काट्रिज नावाची छोटी डबी असते. ती या थरथरीची वीज करते. कशी? आजच्या बहुतेक काट्रिजमध्ये तारेच्या वेटोळ्याजवळ इवलंसं चुंबक हलतं. सायकलचा डायनॅमो चालतो, त्याच तत्त्वावर. जुन्या पेटीसारख्या प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक काट्रिज असते. त्यातला स्फटिकासारखा तुकडा दाबला गेला, की वीज निर्माण होते. गॅसच्या लायटरचा खटका दाबल्यावर ठिणगी पडते ना, तिथं हाच गुण कामाला येतो. ही वीज अ‍ॅम्प्लिफायर वाढवतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

एक गंमत करून पाहा. पिन चांगली आहे अशी खात्री असेल, तर रेकॉर्ड लावा आणि आवाजाचं बटण शून्यावर आणा. आता कान पिनेजवळ न्या. मुंगीनं गावं तसं बारीक गाणं थेट पिनेतून ऐकू येईल!

साखळीतली कुठलीही कडी कच्ची असली, तरी आवाज बिघडतो. ती शोधायचे तीन नियम आहेत. पहिला, पिनेपासून सुरुवात करून स्पीकरकडे जायचं. दुसरा, फुकटातले उपाय आधी, पैशांचे नंतर. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते वहीत लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर चोर कोण होता ते कधीच कळणार नाही.

पायरी १ : तबकडी कोणत्या जातीची?

लेबल वाचा. त्यावर ७८, ४५ किंवा ३३ १/३ असा आकडा असेल. मिनिटाला इतके फेरे, असा त्याचा अर्थ. जुन्या ७८ च्या तबकड्या जड असतात आणि हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं गाणं मावतं. बालगंधर्वांची नाट्यपदं त्या काळी लोकांनी घरी ऐकली, ती अशा तबकड्यांवर. एल.पी. म्हणजे 'लाँग प्ले' तबकडी अमेरिकेत १९४८ साली आली. ती व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजते.

या दोन जातींच्या चरींची रुंदी वेगळी असते. ७८ च्या पिनेचं टोक एल.पी.च्या पिनेच्या जवळजवळ तिप्पट जाड असतं. एल.पी.ची बारीक पिन ७८ च्या रुंद चरीत लावली, तर ती तळाशी धुळीत इकडेतिकडे आपटते आणि नुसती खरखर येते. उलट ७८ ची जाड पिन एल.पी.वर ठेवली, तर ती बारीक चरीच्या भिंती ओरबाडते. जुन्या प्लेअरवर बरेचदा एक छोटी कळ असते. ती फिरवली की एका बाजूची पिन वर जाते, दुसरी खाली येते. ही कळ योग्य बाजूला आहे ना, एवढं पाहिलं तरी कित्येक 'बिघाड' तिथंच संपतात.

आणि किल्ली देऊन चालणाऱ्या ग्रामोफोनवर एल.पी. कधीच लावू नका. त्याची पोलादी पिन आणि जड डोकं ७८ साठी बनवलेलं असतं.

पायरी २ : आंघोळ, पण जपून

तबकडी खिडकीजवळ तिरकी धरा. धूळ, बोटांचे ठसे, पावसाळ्यात धरलेली पांढरी बुरशी, सगळं दिसेल. तबकडी नेहमी कडेला आणि लेबलाला धरायची. चरीवर बोट नको, कारण बोटाच्या तेलकटपणाला धूळ चिकटते.

एल.पी. साफ करायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ, धागे न सुटणारं कापड घ्या. चर ज्या दिशेनं जाते, त्याच दिशेनं गोल पुसा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पिळलेल्या कापडानं पुन्हा पुसा आणि सावलीत उभी ठेवून वाळवा. लेबल भिजू देऊ नका. नळाचं पाणी नको, कारण ते वाळल्यावर त्यातले क्षार चरीत राहतात.

७८ च्या तबकडीला मात्र स्पिरिटचा थेंबही लावायचा नाही. का? तिच्यात लाख असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळते, ती लाख. सुतारकाका लाकडाला पॉलिश करतात, तेव्हा हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. तबकडीचंही तेच होईल! तिला मऊ कोरडा ब्रश किंवा जेमतेम ओलसर कापड पुरे.

पायरी ३ : पिनेची तपासणी

आता भिंग घ्या. पिनेच्या टोकाला कापसाच्या बोंडासारखा धुळीचा गोळा दिसला, तर घोगऱ्या आवाजाचं कारण सापडलं. मऊ ब्रश मागून पुढं, म्हणजे प्लेअरच्या दांड्याकडून आपल्या बाजूला, अलगद फिरवा. उलट किंवा आडवा फिरवला तर पिन जिच्यावर बसवलेली असते ती नाजूक नळी वाकेल. बोटानं तर नकोच. बोट लावून 'धप्' असा आवाज ऐकायची मोठ्या माणसांनाही सवय असते. त्यांनाही अडवा.

पिन साफ करूनही 'स' आणि 'श' ही अक्षरं फुसफुसत असतील, तर ती झिजली असावी. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १,००० तास चालते. हिशोब करा. एका एल.पी.च्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं. रोज एक एल.पी. ऐकली, तर ५०० तास व्हायला ७५० दिवस लागतात. म्हणजे दोन वर्षांच्या थोडं पुढं. जुन्या प्लेअरमधली पिन पुष्कळदा नीलम दगडाची असते. ती याहून कितीतरी लवकर झिजते. माळ्यावरून काढलेल्या प्लेअरची पिन किती तास चाललीय ते कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा आधी पिन बदला, मगच आजीची आवडती तबकडी लावा. पैसे खर्चायचेच असतील, तर पहिला खर्च इथं.

पायरी ४ : वजन

पिन सारखी उड्या मारते म्हणून तिच्या डोक्यावर नाणं ठेवायची युक्ती कुणीतरी सांगतंच. आता हे गणित पाहा. आजच्या कित्येक काट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. २०११ सालच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं सुमारे पावणेचार ग्रॅमचं आहे. ते ठेवलं, की चरीवरचा भार जवळजवळ तिप्पट झाला! पिन उडायची थांबेल, पण चर आणि पिन दोन्ही झिजतील.

मग वजन अगदी कमी ठेवावं का? तेही नाही. हलकी पिन चरीत नीट टेकत नाही. ती भिंतींवर आपटत जाते आणि आवाज फाटतो. म्हणजे हलकी पिनही तबकडी खराब करतेच. काट्रिजच्या माहितीपत्रकात लिहिलेलं वजनच योग्य. दांड्याच्या मागच्या बाजूला फिरणारं वजन असेल, तर आधी दांडा तराजूसारखा हवेत आडवा तरंगेल असं ते फिरवा. तिथं आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून हवा तो आकडा लावा. जुन्या प्लेअरच्या सिरॅमिक काट्रिजला याहून जास्त वजन लागतं, म्हणून तिथं दोन ग्रॅमचा हट्ट धरू नका.

पायरी ५ : वेग

गाणं रडवेलं, ओढल्यासारखं येतंय? की गायिका एकदम लहान मुलीसारखी वाटतेय? मग वेग तपासा. तबकडीच्या कडेला कागदाचा छोटा कपटा ठेवा, पिन उचललेलीच असू द्या आणि घड्याळ लावून फेरे मोजा. मिनिटाला ३३ १/३ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. ९६ भरले तर प्लेअर मंद, १०४ भरले तर घाईत.

मंद असेल, तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर ताणतं किंवा चिकट होतं. नवा पट्टा बसवणं अवघड नसतं, पण ते मोठ्यांच्या सोबतीनं आणि प्लग काढूनच करायचं.

एखाद्या मामानं अमेरिकेतून जुना प्लेअर आणला असेल, तर आणखी एक भानगड. तिथली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेते, आपली ५०. विजेच्या हेलकाव्यांवर चालणारी मोटर इथं सहापैकी पाचच फेरे घेते. म्हणजे ३३ च्या जागी २८ देखील नाहीत! शिवाय तिथली वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची. तो प्लेअर जाणकाराला दाखवल्याशिवाय प्लगला लावूच नका.

■ अंतराळातला रेकॉर्डप्लेअर ■
१९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं व्हॉयेजर १ आणि २ ही याने सोडली. दोन्हींवर तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत आहे. त्यात गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी, 'जात कहाँ हो', हीसुद्धा आहे. गंमत म्हणजे तबकडीसोबत नासानं काट्रिज आणि पिनही पाठवली. शिवाय पिन कशी ठेवायची आणि एक फेरा किती वेळात व्हायला हवा, हे तबकडीच्या वेष्टनावर चित्रांतून कोरलं. तो वेळ आहे ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६ २/३ फेरे. योग्य पिन आणि योग्य वेग नसेल, तर केसरबाईंचं गाणंही मुकंच राहणार, हे त्या शास्त्रज्ञांना ठाऊक होतं!

पायरी ६ : तारांचं जंजाळ

एकाच स्पीकरमधून आवाज येतोय? घाबरू नका. आवाज बंद करा आणि प्लेअरकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या लाल-पांढऱ्या तारांच्या पिना तिथं अदलाबदल करून लावा. आता आधी मुका असलेला स्पीकर बोलू लागला आणि दुसरा मुका झाला, तर दोष प्लेअर, काट्रिज किंवा या तारांमध्ये आहे. पहिलाच स्पीकर मुका राहिला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरकडे. दोन तारा बदलून अर्धं घर तपासून झालं की नाही?

सतत 'हूंऽऽ' अशी घुमण ऐकू येत असेल, तर प्लेअरमधून निघणारी एक बारीक, बहुधा काळी किंवा हिरवी, अर्थिंगची तार शोधा. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या 'ग्राउंड' लिहिलेल्या स्क्रूला जोडा. तारांचे जोड सैल नाहीत ना, तेही बघा. चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर जरा दूर सरकवा.

आवाज अगदी क्षीण आणि चिरका, जणू ढोलकी गायबच? मग तार चुकीच्या भोकात असणार. चुंबकाच्या काट्रिजमधून व्होल्टचे पाच हजारांश भाग इतकीच वीज निघते. पेन्सिल सेलच्या तीनशेव्या हिश्शाएवढी! शिवाय तबकडी कोरतानाच खर्जाचे आवाज मुद्दाम कमी आणि तारस्वर मुद्दाम जास्त केलेले असतात. नाहीतर खर्जाच्या मोठ्या लाटांनी चरीची जागाच खाल्ली असती. वीज वाढवायची आणि हा कमी-जास्त हिशोब उलटा करून मूळ आवाज परत आणायचा, हे काम 'फोनो' लिहिलेल्या जोडणीतला भाग करतो. ती जोडणी नसेल, तर फोनो प्रीअ‍ॅम्प नावाची छोटी डबी वेगळी मिळते. मात्र काही नव्या प्लेअरमध्ये ती आतच असते. अशा वेळी पुन्हा 'फोनो'त तार घातली, तर काम दोनदा होतं आणि आवाज फाटतो. सिरॅमिक काट्रिज असलेल्या प्लेअरला ही डबी लागत नाही.

पायरी ७ : जागा

प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर? मग स्पीकरची थरथर टेबलातून पिनेपर्यंत जाते, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की 'घुंऽऽ' असा घोष सुरू होतो. दोघांना वेगळं करा. टेबल डगमगतंय का बघा. गवंडीकाकांकडे असते तशी पाणसळ मिळाली, तर प्लेअर सपाट आहे ना, तेही तपासा.

दोष कुणाचा?

सगळं करूनही 'टक् टक्' येतंय? घड्याळ बघा. एल.पी.चा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. त्याच ठेक्यात 'टक्' येत असेल, तर तो तबकडीवरचा ओरखडा. दुसरी तबकडी लावून पाहा. दोष एकाच तबकडीत असेल तर ती बिघडलेली, सगळ्यांत असेल तर प्लेअर.

बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज किंचित खराब वाटला, तर लगेच काळजी नको. कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकते, लेबलाजवळ सुमारे २० च. तेवढाच आवाज कमी जागेत दाटीवाटीनं कोरलेला असतो. पिन जितकी घासलेली, तितका हा त्रास जास्त.

आणि चरच झिजलेली असेल तर? ती कुणालाच दुरुस्त करता येत नाही. म्हणून तर आधी पिन, मग गाणं. प्लेअर नीट चालू लागला, की घरातल्या दुर्मीळ तबकड्या एकेकदा वाजवून त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर साठवून ठेवा. मग रोज ऐकायला ती प्रत, आणि सणासुदीला खुद्द तबकडी.

येत्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन आई-बाबांसोबत बसा. एकेक तबकडी काढा. तिचा वेग, गायकाचं नाव आणि कुठं खरखर येते ते लिहा. जवळ आजी किंवा आजोबा असतील, तर ती कुणी, कधी, कुठून आणली तेही विचारून घ्या. ते लेबलावर छापलेलं नसतं. तबकड्या मात्र उभ्याच ठेवा, उन्हापासून लांब. एकीवर एक आडव्या रचल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात पापडासारख्या वाकड्या होतील!